नंबर जिवंत पाहिजे

बेळगावात एकाच गोष्टीला तीन शब्द आहेत. पोलीस ठाण्याच्या फलकावर चिकटवलेली कन्नड नोटीस तिला ‘हराजु’ म्हणते. शहापूर-वडगावातली जुनी माणसं ‘हर्रास’ म्हणतात. हे दोन्ही शब्द एकाच अरबी मुळाचे. वर्तमानपत्रात छापून येतो तो ‘लिलाव’, आणि तो पोर्तुगीजांकडून मराठीत आला, म्हणजे आमच्या हिशेबाने चोर्ल्याचा घाट चढून. टिळकवाडीतली पोरं मात्र यातला एकही शब्द वापरत नाहीत. ती म्हणतात, ‘ऑक्शनची गाडी’. दुसऱ्या रेल्वे गेटला फाटक पडलं, की थांबलेल्या गर्दीत एखादी येझदी किंवा आरएक्स हंड्रेड मागे निळसर धूर सोडत उभी असते. शेजारचा हमखास विचारतो, “कुठं मिळाली?” आणि ‘ऑक्शनला’ हे उत्तर ऐकलं, की त्याच्या डोळ्यांत हिशेब सुरू होतो. किती स्वस्तात मिळाली असेल?

हिशेब तिथंच चुकतो, कारण तो लोखंडाचा असतो. उद्यमबागेत लेथवर आयुष्य काढलेल्या एका मेस्त्रींनी मला हे एका वाक्यात सांगितलं होतं: “लोखंड काय, कुठंबी मिळतंय की ओ. कागद कुठनं आणणार?” या लेखात पुढं जे काही सांगायचं आहे, ते या वाक्याचा विस्तार आहे.

आधी या गाड्या येतात कुठून ते पाहू. कुठल्याही पोलीस ठाण्याच्या मागच्या अंगणात दुचाक्यांची एक रांग असते. हँडलं एकमेकांत अडकलेली, टायर बसलेले, सीटचा फोम उंदरांनी आणि पावसानं वाटून घेतलेला. काही अपघातातल्या असतात आणि खटला संपेपर्यंत थांबलेल्या असतात. काही चोरीच्या, सापडलेल्या पण मालक न आलेल्या. काही नुसत्याच बेवारस, बसस्टँडबाहेर महिनोन्‌महिने उभ्या होत्या म्हणून उचलून आणलेल्या. बेळगावची खास भर म्हणजे अबकारी खात्यानं धरलेल्या गाड्या. गोव्यात दारू स्वस्त आणि कर्नाटकात महाग. त्यामुळे कणकुंबीच्या बाजूनं डिकीत, सीटखाली, कधी टाकीत कप्पा करून बाटल्या येत राहतात. १९६५ च्या कर्नाटक अबकारी कायद्याखाली माल जप्त होतो, तशी तो वाहणारी गाडीही सरकारजमा होऊ शकते.

मालक न्यायला का येत नाही, हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. कुणाचं कर्ज थकलेलं असतं आणि गाडी परत घेतली तरी हप्तेवाला ती ओढून नेणारच असतो. कुणाचा विमा किंवा लायसन नसतं. चोरीच्या गाडीची गोष्ट आणखी गमतीची. मालकानं विम्याचा दावा करून पैसे घेतलेले असतात, आणि एकदा ते घेतले की गाडीवरचा हक्क विमा कंपनीकडे जातो. त्यामुळे दोन वर्षांनी गाडी सापडली तरी मूळ मालकाला ती नकोच असते आणि कंपनीला एका जुन्या दुचाकीसाठी कोर्टात माणूस पाठवणं परवडत नाही. गाडी उभी राहते ती राहतेच.

आमच्याकडचा पाऊस सर्वांना ठाऊक आहे. चार पावसाळे उघड्यावर काढलेल्या गाडीचा कार्ब्युरेटर बहुधा कुणीतरी आधीच काढून नेलेला असतो. मग त्या उघड्या तोंडातून पाणी सरळ इंजिनात उतरतं. सायलेन्सरच्या टोकाला कुंभारमाशी मातीचं घर बांधते. बॅटरीच्या खालच्या पत्र्याला ॲसिड खाऊन टाकतं. आणि हे सगळं पाहूनही लिलावाच्या दिवशी माणसं येतात, कारण धूळ पुसली की टाकीवर एक जुनं नाव दिसतं.

हे अंगण इतकं भरतं का, याचं उत्तर कायद्यात आहे. जप्त माल हा पुरावा असतो, आणि पुरावा जपायचा म्हणून गाडी वर्षानुवर्षं सडत ठेवायची, अशीच रीत होती. २००२ साली सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात सरकार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट सांगितलं, की गाडीचे फोटो घ्या, पंचनामा करा, योग्य जामिनावर ती मालकाला द्या. मालक किंवा विमा कंपनी नेत नसेल तर लिलाव करा, पण ठाण्यात सडवू नका. दंड प्रक्रिया संहितेत कलम ४५७ आणि ४५८ खाली बेवारस मालासाठी जाहीरनामा काढायची आणि हक्क सांगायला ६ महिने द्यायची तरतूद होती. जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आणि ही कलमं ५०३ आणि ५०४ झाली. कलम ४९७ मध्ये मालाचे फोटो आणि चित्रीकरण करून त्याची लवकर विल्हेवाट लावायची मुदतीसह तरतूद आली. अंगणं अजून भरलेलीच दिसतात, तो भाग वेगळा.

आता नोटिशीकडे वळू. तीत गाड्यांची यादी असते, पाहणीचा दिवस असतो, अनामत रक्कम असते आणि एक वाक्य असतं: ‘आहे त्या स्थितीत, आहे त्या जागी’. याचा अर्थ असा, की हातोडा पडल्यावर इंजिनात पिस्टन नाही हे कळलं, तरी तक्रार ऐकायला कुणी बसलेलं नाही. पण नवखा माणूस ज्या ओळीवरून डोळा फिरवून पुढे जातो, ती ओळ याहून महत्त्वाची असते. गाडी वापरासाठी विकली जाते आहे, की भंगार म्हणून? भंगार म्हणून विकलेली गाडी पुन्हा रस्त्यावर नोंदवता येत नाही. काही ठिकाणी चेसीवरचा नंबर कापून मगच ती फाटकाबाहेर सोडतात. तुम्ही तिला मोराच्या पिसाऱ्यासारखी रंगवा, ती दिवाणखान्यातली शोभेची वस्तू राहणार.

दुसरी अडचण लॉटची. बऱ्याचदा ३०-४० गाड्या एकाच लॉटमध्ये विकतात. त्यात तुम्हाला हवी असलेली एकच जावा असते आणि बाकीच्या मोपेडी. असा लॉट साहजिकच भंगारवाले घेतात. ते एकमेकांना ओळखतात, आणि बोली कुठं थांबायची हे बऱ्याचदा चहाच्या टपरीवर आधीच ठरलेलं असतं. मग हौशी माणूस फाटकाबाहेर उभा राहून त्यांच्याकडून ती एक गाडी विकत घेतो. इथं तो सर्वांत मोठी चूक करतो. लिलावाचा कागद भंगारवाल्याच्या नावचा असतो, तुमच्या नव्हे. तुमच्या हातात असतं ते फार तर एक वहीचं पान.

कागद म्हणजे नेमकं काय, ते १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या ५७ व्या नियमात आहे. जुन्या गाडीच्या साध्या खरेदी-विक्रीत फॉर्म २९ आणि ३० लागतात, त्यावर विकणाऱ्याची सही लागते. लिलावात मूळ मालक गायबच असतो, सही कोण करणार? म्हणून सरकारी लिलावासाठी वेगळा फॉर्म ३२ आहे. गाडी ताब्यात घेतल्यापासून ३० दिवसांत तो नोंदणी अधिकाऱ्याकडे द्यायचा. त्यासोबत नोंदणी प्रमाणपत्र, विमा, लिलाव करणाऱ्या अधिकाऱ्याच्या सहीचं विक्री प्रमाणपत्र, आणि या गाडीचा लिलाव करायला सरकारनं दिलेल्या आदेशाची प्रमाणित प्रत. ही शेवटची प्रत मागायला लोक विसरतात. पैसे भरताना, शिक्का घेताना, त्याच टेबलावर ती मागून घ्यावी. सहा महिन्यांनी गेलात तर साहेबांची बदली झालेली असते आणि फाईल रेकॉर्ड रूममध्ये गेलेली.

याच नियमाच्या दुसऱ्या पोटनियमात एक फार शहाणी सोय आहे. समजा गाडीवर नंबरच नाही, किंवा आहे तो पडताळणीत खोटा निघाला. मग नोंदणी अधिकारी आधी लिलाव करणाऱ्या खात्याच्याच नावानं तिला नवा नंबर देतो आणि त्यानंतर तुमच्या नावावर हस्तांतर नोंदवतो. म्हणजे अनाथ गाडीला काही काळ सरकार पालक होतं आणि मग तिला दत्तक देतं. मात्र ही वाट फक्त केंद्र किंवा राज्य सरकारच्या लिलावासाठी आहे. कर्ज थकल्यावर फायनान्स कंपनीनं ओढून आणलेल्या गाड्यांच्या लिलावाला ती लागू नाही. तिथं कंपनीनं आधी फॉर्म ३६ भरून गाडी स्वतःच्या नावावर करून घेतली आहे का, हे विचारायचं.

कागद झाला, आता त्या कागदाचं दुसरं टोक. ते लोखंडात ठोकलेलं असतं. हँडल जिथं चेसीत बसतं त्या मानेवर बहुतेक गाड्यांचा चेसी नंबर असतो. इंजिनचा नंबर क्रँककेसवर. पाहणीच्या दिवशी खिशात रॉकेलचा बोळा आणि मोबाईलचा दिवा घेऊन जावं. पॉलिश पेपरनं घासायचं नाही. घासलेला नंबर पाहिला की निरीक्षकाला संशय येतो आणि तो रास्तच असतो. कंपनीनं ठोकलेले आकडे एका ओळीत, एका खोलीचे असतात. हातानं ठोकलेल्यांत एखादा तिरका, एखादा खोल. नंबराभोवती वेल्डिंगची रेघ दिसली, किंवा तेवढाच भाग बाकीच्या पाईपपेक्षा गुळगुळीत लागला, तर ती गाडी कितीही देखणी असो, पाठ फिरवावी. अलीकडच्या गाड्यांचा नंबर १७ अक्षरी असतो आणि त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात, कारण ती १ आणि ० सारखी दिसतात. १७ अक्षरांत ओ सापडला तर तो ठोकणारा घाईत होता असं समजा.

मग गाडीचा नोंदणी नंबर वाहन पोर्टलवर टाकून पाहायचा. नोंदणी चालू आहे की रद्द, कर्जाचा बोजा आहे का, कुठलं राज्य, कुठलं वर्ष. आमच्या भागात याला ‘नंबर जिवंत आहे का’ असं विचारतात. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५५ सांगतं, की गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली तर मालकानं १४ दिवसांत कळवावं आणि नोंदणी रद्द करून घ्यावी. रद्द झालेला नंबर मेला, आणि मेलेला नंबर अंगावर घेऊन फिरणारी गाडी कितीही छान वाजत असली तरी कायद्याच्या दृष्टीनं भूत आहे.

विम्याच्या भंगाराचं इथं सांगायला हवं, कारण मोटारसायकलचं ‘सॅल्व्हेज’ म्हणजे जगभर बहुधा तेच. गाडीची विम्यातली घोषित किंमत, म्हणजे आयडीव्ही, आणि दुरुस्तीचा अंदाज यांची तुलना होते. दुरुस्ती आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांहून जास्त होणार असेल तर गाडी पूर्ण नुकसानीत काढतात, मालकाला पैसे देतात आणि सांगाडा बोली लावून विकतात. ब्रिटनमध्ये अशा प्रत्येक सांगाड्यावर शिक्का बसतो. ए म्हणजे सगळं चिरडा. बी म्हणजे सुटे भाग वापरा पण सांगाडा चिरडा. एस म्हणजे सांगाड्याला मार आहे पण दुरुस्त होईल. एन म्हणजे सांगाडा ठीक आहे. अमेरिकेत तर अशा गाडीचं मालकीपत्रच वेगळं निघतं आणि तो डाग पुढच्या प्रत्येक मालकाला दिसतो. आपल्याकडे नोंदणी प्रमाणपत्रावर असा काही शिक्का नाही. त्यामुळे झाडावर आदळून चेसी वाकलेली गाडी रंगवून, नव्या आरशांसह, ‘सिंगल ओनर, लेडी ड्रिव्हन’ म्हणून विकली जाऊ शकते.

चेसी वाकलेली आहे का हे पाहायला फार यंत्रं लागत नाहीत. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना टायरला टेकवून दोन लांब दोऱ्या पुढे ताणायच्या. पुढचं चाक सरळ धरल्यावर दोन्ही दोऱ्यांपासून त्याचं अंतर सारखं आलं पाहिजे. नाही आलं, तर फोर्क तरी वाकलाय नाहीतर चेसी. फोर्क असेल तर तो नशिबाचा भाग. पाईप काढून जाड काचेवर फिरवला की डुगडुगतो ते दिसतं, आणि तो बदलता येतो. चेसी असेल तर विचार करायचा. कारण चेसी बदलली की नंबर गेला, आणि आपण पुन्हा पहिल्या पानावर.

पुराच्या गाड्यांचा मामला आमच्या पट्ट्यात नवा नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पुणे-बंगळूर महामार्ग पाण्यानं बंद पडला. कोल्हापूरच्या वेशीवर शिरोलीला पंचगंगा आणि निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगा रस्त्यावर आली होती. घराच्या पायऱ्यांवर चढवून ठेवलेल्या दुचाक्याही बुडाल्या. पुराच्या गाडीची बाहेरून काही खूण दिसत नाही, उलट ती अपघाताच्या गाडीपेक्षा छान दिसते. खूण आत असते. ऑइल काढून पाहावं. दुधाळ चहासारखं निघालं तर आत पाणी गेलंय. हेडलाईटच्या डोमात, मीटरमागे, सीटखालच्या कोपऱ्यात बारीक गाळाची रेघ सापडते. किक मारून बघायचा मोह आवरावा. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते हवेसारखं दाबलं जात नाही, आणि जोर लावला की रॉड वाकतो. आधी प्लग काढायचा, मग हळूच फिरवायचं.

इथं जुन्या आणि नव्या गाडीतला फरक कळतो. पॉइंट-कंडेन्सरची जुनी बुलेट पुरातून काढली तर उघडून, रॉकेलनं धुऊन, बेअरिंगं बदलून, वायरिंग नवं ओढून उभी राहते. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाडीत पेट्रोल मोजून देणारा संगणक, सेन्सर आणि डझनभर जोडण्या असतात. त्या प्रत्येक जोडणीत हिरवा गंज हळूहळू वाढतो आणि गाडी सहा महिन्यांनी, भर पावसात, कित्तूरच्या पुढं बंद पडते. स्वस्त मिळाली म्हणून नवी गाडी घेण्यापेक्षा महाग पडली तरी जुनी घ्या, असं म्हणणारे मेस्त्री म्हणूनच भेटतात. यात त्यांचा स्वतःचा जुन्याचा सोसही थोडा असतो.

उद्यमबाग नसती तर हा लेख लिहिण्यात अर्थ नव्हता. तिसऱ्या गेटपलीकडे खानापूर रस्त्याला लागलं की फौंड्र्यांचा जळक्या वाळूचा वास सुरू होतो. ओतकाम, मशीन शॉप, हायड्रॉलिक. बेळगावचं पोट यावर चालतं. मोठ्या कारखान्यांसाठी शतांश मिलिमीटरमध्ये काम करणारी माणसं संध्याकाळी त्याच हातांनी पन्नास वर्षांची येझदी जिवंत करतात. शेजारी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात हेच चित्र.

जाम झालेल्या इंजिनापासून बघा. पिस्टन जाम होण्याचे दोन प्रकार. पहिला चालता चालता. टू-स्ट्रोक इंजिनाला वंगण पेट्रोलमधूनच मिळतं. ते कमी पडलं की पिस्टन तापतो. पिस्टन ॲल्युमिनियमचा आणि बाहेरचा ब्लॉक बिडाचा. ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. ६५ मिलिमीटरचा पिस्टन आणि त्याचं बोअर दोन्ही सारखेच १५० अंशांनी तापले, तरी पिस्टन बोअरपेक्षा दशांश मिलिमीटरनं जास्त वाढतो. मोकळीक तेवढीच असते, कधी त्याहून कमी. मग तो भिंतीला चिकटतो आणि मागचं चाक रस्त्यावर घासत जातं. दुसरा प्रकार ठाण्याच्या अंगणातला: चार पावसाळ्यांत रिंगा बोअरला गंजून बसतात. यात हातोडा मारणारा मेस्त्री टाळावा. प्लगच्या भोकातून डिझेल भरायचं आणि आठ दिवस विसरून जायचं. नंतर गाडी टॉप गियरमध्ये टाकून मागचं चाक पुढे-मागे हलवायचं, केसभर. एक दिवस आतून ‘टक’ असा आवाज येतो. तो ऐकलेला माणूस पुढच्या खर्चाची फिकीर करत नाही.

पुढचं काम लेथवाल्यांचं. ब्लॉक रिबोअरला जातो. झिजलेलं बोअर पाव किंवा अर्धा मिलिमीटरनं वाढवून त्या मापाचा ओव्हरसाईझ पिस्टन घालतात आणि शेवटी होनिंगनं आत तिरक्या बारीक रेघा ओढतात. या रेघा दिसायला ओरखडे वाटतात, पण ऑइल धरून ठेवतात त्याच. सगळे ओव्हरसाईझ संपले असतील तर बोअर मोठं करून नवी स्लीव्ह ठोकायची. क्रँकचं काम याहून नाजूक. हायड्रॉलिक प्रेसवर क्रँकपिन दाबून काढायची, नवा रॉड घालायचा, आणि दोन्ही बाजूंची चाकं डायल गेज लावून एका रेषेत आणायची. यंत्र दाबतं, पण किती आणि कुठे ठोकायचं हे हातालाच कळतं. तडकलेल्या क्रँककेसला आर्गन वेल्डिंग. फुटलेले फिन भरून पुन्हा घासून काढतात, आणि मूळ फिन कुठले हे तुम्हाला सांगता येणार नाही.

टाकीचा गंज काढायला घरचा एक उपाय आहे. टाकीत पाणी आणि धुण्याचा सोडा. मधोमध, टाकीला कुठंही न टेकता, लोखंडाची एक जुनी सळई लोंबकळत ठेवायची. बॅटरी चार्जरची ऋण वायर टाकीला, धन सळईला. रात्रभरात टाकीतला गंज सुटून मऊ पडतो आणि सळई खराब होते. यातून हायड्रोजन निघतो, तेव्हा हे अंगणात करावं, देवघराशेजारी नव्हे. आणि स्टीलची चकचकीत सळई वापरू नये, तिच्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं.

आता कुठली गाडी. येझदी आणि जावाबद्दल आमच्याकडे एक घरगुती माया आहे. रुस्तम इराणींची आयडियल जावा कंपनी म्हैसूरला उभी राहिली आणि १९६१ पासून तिथून जावा बाहेर पडू लागल्या. बेळगाव १९५६ पासून त्याच म्हैसूर राज्यात होतं. सीमाप्रश्नावर कितीही वाद असो, गाडीबद्दल तक्रार नव्हती. १९७३ नंतर नाव येझदी झालं. २५० सीसी, एकच सिलिंडर आणि तरीही दोन सायलेन्सर. किकचाच दांडा आत दाबून पुढे वळवला की गियरचा दांडा होतो. १९९६ ला कारखाना बंद पडला. जावा २०१८ ला आणि येझदी २०२२ ला बाजारात परत आली खरी, पण त्या गाड्यांचे भाग जुनीला बसत नाहीत. तरीही ६५ बाय ७५ चं ते साधं इंजिन असं आहे, की त्याचा प्रत्येक भाग कुणी ना कुणी बनवतं. बुलेटचं जुनं बिडाचं ३५० इंजिन, ७० बाय ९०, तेही तसंच.

आरएक्स हंड्रेड ही वेगळी भानगड आहे. १९८५ ते १९९६ एवढंच तिचं आयुष्य, ५० बाय ५० चं इंजिन आणि ११ अश्वशक्ती. आज तिच्यापाठी तरुण पोरं वेडी आहेत. मागणी इतकी, की एका गाडीचा नंबर, दुसऱ्याची चेसी आणि आरएक्स १३५ चं इंजिन अशी खिचडी सर्रास विकली जाते. लिलावात आरएक्स दिसली तर सर्वांत आधी इंजिन नंबर कागदाशी जुळतो का ते पाहावं. इंजिन बदलणं हा गुन्हा नाही, पण ते परवानगीनं आणि प्रमाणपत्रावर नोंद करून करावं लागतं.

सरकारी गाड्यांचा झरा मात्र आटला आहे. एकेकाळी ‘डिस्पोजल’ हा मराठीत रुळलेला शब्द होता. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराच्या मोटारसायकली त्याच वाटेनं बाहेर पडल्या. एकट्या बीएसएनं एम-२० हे मॉडेल सव्वा लाखाच्या घरात बनवलं होतं, आणि त्यांतल्या पूर्वेकडे आलेल्या बऱ्याच गाड्या इथंच राहिल्या. पुढे खात्यांच्या जुन्या बुलेट आणि राजदूत अशाच विकल्या जात. १९६४ ला स्थापन झालेली एमएसटीसी ही सरकारी कंपनी आज हे लिलाव संगणकावर घेते. पण जानेवारी २०२३ च्या अधिसूचनेनं १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी संपते आणि त्या नोंदणीकृत भंगार केंद्रातच द्याव्या लागतात. फक्त लष्करी कारवाईच्या आणि तशा खास कामाच्या गाड्या वगळल्या आहेत. म्हणजे पोलिसांची स्वतःची जुनी बुलेट तुम्हाला मिळणार नाही. पोलिसांनी धरलेली दुसऱ्याची बुलेट मिळू शकते.

खासगी गाडीला अजून तशी सक्ती नाही. १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी फॉर्म २५ भरून नोंदणी वाढवायची. या नूतनीकरणाची दुचाकीची फी २०२२ मध्ये ३०० वरून १,००० रुपये झाली. ठाण्यात पडून असताना मुदत टळली असेल तर त्याचा वेगळा आकार, शिवाय रस्ता कर आणि निदान तिसऱ्या पक्षाचा विमा. बोलीची रक्कम हातोड्याखाली ठरते, हे सगळं नंतर. ५० वर्षांवरची मूळ रूपातली गाडी असेल तर २०२१ च्या नियमांप्रमाणे विंटेज नोंदणी होते, व्हीए मालिकेचा नंबर मिळतो, पण मग ती रॅली-प्रदर्शनापुरतीच; रविवारच्या भाजीला न्यायची नाही. माझ्या मते हा सौदा वाईट आहे.

आणि सीमेवरचं आपलं नेहमीचं. निपाणीत धरलेली गाडी निम्म्या वेळा एमएच-०९ ची असते. नोंद कोल्हापूरला, लिलाव कर्नाटकात, खरेदीदार टिळकवाडीत आणि त्याला हवा केए-२२. दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून जास्त गाडी ठेवायची तर कलम ४७ प्रमाणे नवा नंबर, त्याआधी जुन्या कार्यालयाचं फॉर्म २८ वरचं ना हरकत प्रमाणपत्र, आणि इथला कर. विक्री प्रमाणपत्र कन्नडमध्ये मिळालं तर त्याची इंग्रजी प्रतही तिथंच मागून घ्यावी. दोन राज्यांच्या टेबलांमध्ये भाषेचा प्रश्न माणसांच्या बाबतीतच सुटलेला नाही, तो मोटारसायकलसाठी कोण सोडवणार?

गाडी तयार झाली की पेट्रोलही जपून. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि ते इथेनॉल कदाचित चिकोडी-निपाणीच्या उसाचंच असेल. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं आणि जुन्या रबराला फुगवतं. नळ्या, वायसर आणि फ्लोटचे भाग नव्या धर्तीचे घालावेत, आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी अर्धी ठेवू नये.

शेवटचं सांगायचं ते पावडर कोटिंगवाल्याकडे जाण्याआधीचं. चेसी सँडब्लास्ट होते, मग भट्टीत जाते आणि काळीभोर, काचेसारखी बाहेर येते. माझ्या एका मित्रानं तशी येझदी आरटीओत नेली. निरीक्षकानं अर्जाचा कागद मानेवर ठेवला, पेन्सिल आडवी धरून घासली, नंबराचा ठसा घ्यायला. कागद सगळीकडे सारखा करडा झाला. एकही आकडा उठला नाही. जाड पावडरनं आणि त्याखालच्या पुट्टीनं सगळे भरले होते. मित्रानं तिथंच अंगणात बसून, नखानं आणि रॉकेलच्या बोळ्यानं, दीड तास खरवडलं. म्हणून त्या चार बोटांच्या जागेवर आधी टेप लावा.